दूध आणि अंडं घराबाहेर: मुलाच्या अ‍ॅलर्जीसाठी अख्खं घर व्हीगन करताना

मुलाला दूध आणि अंडं या दोन्हींची अ‍ॅलर्जी असेल तर घरात लवकरच एक विचार पुढे येतो: त्याच्यासाठी वेगळं शिजवण्यापेक्षा सगळ्यांनीच सोडलं तर? एकच तवा, एकच कढई, चमचा इकडचा तिकडे झाला तरी धास्ती नाही, आणि जेवायला बसल्यावर मूल एकटं पडत नाही. विचार चांगला आहे. पण त्यात एक गफलत सुरुवातीलाच शिरते, ती आधी दूर केली पाहिजे. व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीही न खाणं. अ‍ॅलर्जीसाठी सुरक्षित म्हणजे या मुलाला न सोसणारं प्रथिन कणभरही ताटात न येणं. या दोन गोष्टी बऱ्याच ठिकाणी जुळतात, पण एक नाहीत. व्हीगन पाककृती शेंगदाणा, काजू, बदाम, सोया, तीळ आणि गहू यांवर उभ्या असतात, आणि हे सगळे स्वतःच अ‍ॅलर्जी देणारे पदार्थ आहेत. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पहिल्यांदाच काजूचं दही भरपूर खाऊ घालणं हा धोक्याचा प्रयोग आहे.

पुढची सगळी माहिती ३ ते ८ वर्षांच्या, दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी डॉक्टरांनी निश्चित केलेल्या, पण शेंगदाणा, सोया, गहू, तीळ आणि नारळ सोसणाऱ्या मुलाला धरून आहे. यातलं काही चालत नसेल तर त्या जागी काय वापरायचं ते आहारतज्ज्ञाला विचारा. एक वर्षाखालच्या बाळाचा हिशेब वेगळा आहे, तो जिथे येईल तिथे सांगितला आहे.

आधी निदान पक्कं करा

दुधाची अ‍ॅलर्जी आणि दूध न पचणं यांत रोज गोंधळ होतो. न पचणं म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, आतड्यात फुटत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, पण जिवाला धोका नसतो. अ‍ॅलर्जी ही केसीन आणि व्हे या प्रथिनांची असते. म्हणून ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेलं दूध अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला अजिबात चालत नाही. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिन जसंच्या तसं असतं. शेळीचं आणि म्हशीचं दूधही उपाय नाही. त्यांची प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्यामुळे बहुतेक मुलांना त्यांचाही तसाच त्रास होतो. उकळूनही फरक पडत नाही, कारण केसीन उष्णतेला दाद देत नाही.

अ‍ॅलर्जी दोन तऱ्हेची असते. एकीत काही मिनिटांपासून दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, धाप लागते. दुसरीत काही तासांनी किंवा दिवसांनी त्रास दिसतो: शौचातून रक्त, वारंवार उलट्या, वजन न वाढणं. पहिल्या प्रकारासाठी त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडं मोजणारी) चाचणी उपयोगी पडते. मात्र चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे अ‍ॅलर्जी असणं नव्हे. एखादं मूल रोज शेंगदाण्याची चटणी आनंदाने खात असेल आणि चाचणीत शेंगदाणा पॉझिटिव्ह आला, तर तो बंद करायचा नसतो. बाजारात मिळणाऱ्या शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी (वेगळ्याच प्रतिपिंडांच्या) चाचण्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी निरुपयोगी आहेत. त्यांच्या यादीवरून पोराचं जेवण तोडू नका.

घर पूर्ण व्हीगन करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: भाजलेल्या रूपात दूध किंवा अंडं याला सोसतं का? बऱ्याच मुलांना साधं दूध चालत नाही, पण पिठात मिसळून भट्टीत भाजलेलं थोडं दूध किंवा अंडं चालतं. तसं असेल तर ते केक-बिस्किट चालू ठेवणंच बहुधा मुलाच्या हिताचं असतं. अख्खं घर व्हीगन झालं म्हणून सोसणारा पदार्थही बंद केला, तर हाती असलेली सहनशीलता गमावण्याची शक्यता असते.

हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नका

भारतात पाकिटावरचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो. दूध, तूप, चीज सगळं त्या ठिपक्यात बसतं. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण येतो, म्हणून अंड्यासाठी ठिपका थोडा कामाचा, दुधासाठी शून्य. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आलं: हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटं पान. पण ते घटकांबद्दल बोलतं. त्याच कारखान्यात दुधाचं चॉकलेटही बनत असेल, तर ‘व्ही’च्या शेजारीच ‘दुधाचा अंश असू शकतो’ असं लिहिलेलं असू शकतं. अ‍ॅलर्जीच्या घरात ही छोटी ओळ त्या चिन्हाहून मोठी.

२०२० च्या लेबल नियमांनुसार दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोया, ग्लुटेनयुक्त धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची सूचना वेगळी द्यावी लागते. मोहरी आणि तीळ त्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी घटकांची पूर्ण यादी वाचण्याला पर्याय नाही. वाचायची पद्धत अशी: आधी ‘असू शकतो’ची ओळ, मग घटकांची यादी, आणि हे प्रत्येक खरेदीला. त्याच नावाच्या बिस्किटाचे घटक सहा महिन्यांनी बदललेले असतात.

दूध ज्या नावांनी येतं ती पाठ करा: मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, लॅक्टअल्ब्युमिन, बटर ऑइल, कर्ड पावडर, चीज पावडर, खवा. अंड्यासाठी: अल्ब्युमिन, ओव्हल्ब्युमिन, लायसोझाइम. ‘नॉन-डेअरी क्रीमर’ आणि काही व्हिप टॉपिंगमध्ये सोडियम केसिनेट असतं, म्हणजे नावात ‘नॉन-डेअरी’ आणि पोटात दुधाचं प्रथिन. ‘एगलेस मेयोनीज’ घेताना घट्टपणासाठी मिल्क सॉलिड्स घातले आहेत का ते पाहा. मसाला वेफर्स, इन्स्टंट सूप, ब्रेड, मार्गारीन, डार्क चॉकलेट यांची लेबलंही दरवेळी वाचायची.

औषधांकडेही याच नजरेने बघा. दम्याच्या काही कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. काही प्रोबायोटिक पुड्या दुधावर वाढवलेल्या असतात. च्यवनप्राशात तूप असतं, आणि आयुर्वेदातली सगळी ‘घृतं’ तुपाचीच. दात मजबूत करण्यासाठी दंतवैद्य लावतात त्यातली काही क्रीम दुधाच्या केसीनपासून बनवलेली असतात. लसीबद्दल मात्र घाबरू नका: अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस चुकवायची नसते; फक्त डॉक्टरांना अ‍ॅलर्जी सांगून ठेवा.

ओट्यावरून आणि कपाटातून काय काढायचं

तुपाने मुरलेला बिडाचा तवा, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी रवी, चहाची गाळणी आणि मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग या पाच वस्तूंमध्ये जुनं दूध-तूप दडून बसतं. बिडाचा तवा चांगला तापवून, घासून, नव्याने तेलावर मुरवला तर वापरता येतो. लाकडी वस्तू, गाळणी आणि रिंग बदललेल्या बऱ्या. स्टीलची भांडी साबण आणि गरम पाण्याने नीट धुतली की पुरे, नवीन घेण्याची गरज नाही.

हात धुण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन काढत नाही. दुधाचा हात सॅनिटायझरने चोळला की ते दूध फक्त पसरतं. साबण-पाणी किंवा ओला वाइपच हवा.

घरातल्या कुणाला दुधाचा चहा सोडवत नसेल, तर त्याचं पातेलं, गाळणी आणि कप वेगळ्या रंगाची, वेगळ्या फडताळात, आणि चहा मुलाचं जेवण आटोपल्यावर. दूध उतू गेलं की शेगडी, बर्नर आणि ओटा साबणाने धुवायचा. आणि ज्या घरात असा अर्धवट करार आहे, तिथे ‘आमचं घर व्हीगन आहे’ असं पाहुण्यांना सांगू नका. त्यांनी गाफील राहून मुलाला काही देण्यापेक्षा ‘घरात दूध आहे, विचारून द्या’ हे वाक्य सुरक्षित.

आपल्या ताटात आधीच काय आहे

यादी करायला बसलं की दिलासा मिळतो. पिठलं-भाकरी, झुणका, मटकीची उसळ, कांदेपोहे, थालीपीठ, भरली वांगी, अळूचं फतफतं, कुळथाचं पिठलं, मेतकूट-भात, आमटी, कोशिंबिरीतल्या दह्याच्या जागी दाण्याचं कूट आणि लिंबू. यांत दूध मुळातच नाही किंवा वरून घेतलेल्या तुपापुरतं आहे. गोडात कोकणातले रस-शिरवळे नारळाच्या दुधावरच चालतात. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी तेल घातलं तर बिघडत नाही. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खाण्याची रीत काही घरांत आहेच.

अडतं ते तीन ठिकाणी: चहा, दही-ताक आणि तूप.

चहा

सोया दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. उष्णता आणि चहाचा आंबटपणा मिळून त्याचं प्रथिन गोळा होतं. आलं जास्त असेल तर अधिकच. चहा उतरवून मिनिटभर थांबा, कपात आधी कोमट केलेलं सोया दूध घ्या आणि त्यावर चहा सावकाश ओता. ओट्सचं दूध कमी फाटतं, पण त्यात प्रथिन कमी, म्हणून ते मोठ्यांच्या चहापुरतं.

सोया दूध घरी

१०० ग्रॅम सोयाबीन ८ ते १० तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. चोळून सालं काढा. साल राहिली तर उग्र वास राहतो. ८०० मिलिलिटर गरम पाणी थोडं थोडं घालत बारीक वाटा. थंड पाण्यात वाटलं तर कच्च्या शेंगेचा वास जास्त येतो. फडक्यातून पिळून गाळा आणि दूध उकळी आल्यानंतर १५ ते २० मिनिटं मंद आचेवर ढवळत शिजवा. हे शिजवणं चुकवू नका: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन रोखणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. भांडं दुपटीने मोठं घ्या, फेस एकदम वर येतो. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

घरच्या सोया दुधात प्रथिन चांगलं, पण कॅल्शियम जवळपास नाही. मुलाच्या रोजच्या पेल्यासाठी कॅल्शियम, डी आणि बी-१२ घातलेलं पाकिटातलं सोया दूध घ्या, आणि घरचं दूध चहा, दही, स्वयंपाक यांसाठी ठेवा. पाकीट दर वेळी जोरात हलवा. कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं तर सगळा पोषणाचा भाग शेवटच्या पेल्यात जातो. बदाम, नारळ आणि तांदळाच्या दुधात प्रथिन नगण्य, म्हणून ती लहान मुलाच्या दुधाची जागा घेत नाहीत. ब्रिटनमध्ये तर आर्सेनिकच्या कारणाने पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं दूध देऊ नका, असा अधिकृत सल्ला आहे. एक वर्षाखालच्या बाळाला यातलं कुठलंही दूध मुख्य पेय म्हणून द्यायचं नाही. त्याला आईचं दूध किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेला, प्रथिनं बारीक तुकड्यांत फोडलेला किंवा अमिनो आम्लांचा फॉर्म्युला. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध सोडलं असेल, तर तिच्याही कॅल्शियमची सोय आधी करायची.

दही: विरजणातली चूक

बहुतेक घरी फसतं ते इथेच. सोया किंवा शेंगदाण्याच्या दुधाला चमचाभर साध्या दह्याचं विरजण लावतात आणि त्याला ‘बिनदुधाचं दही’ म्हणतात. त्या चमच्यातलं दुधाचं प्रथिन दह्यात तसंच राहतं. पुढच्या विरजणांत ते पातळ होत जातं, पण किती उरलं हे मोजायला घरात काही नसतं. असं दही या मुलाला चालत नाही.

शेंगदाण्याच्या दह्यासाठी १५० ग्रॅम शेंगदाणे ८ तास भिजवा. सुरकुतलेले, काळपट दाणे काढून टाका, बुरशीचं विष त्यांतच असतं. ६०० मिलिलिटर पाण्यात वाटून गाळा. दोन चमचे तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून मिसळा आणि ८ ते १० मिनिटं सतत ढवळत उकळा. हे दूध खाली लवकर लागतं. बोटाला सोसेल इतकं, म्हणजे साधारण ४० अंशांपर्यंत निवू द्या. हिरव्या मिरच्यांचे ८ ते १० देठ धुऊन, पुसून त्यात बुडवा, झाकून उबेत १० ते १२ तास ठेवा. पहिलं दही पातळ आणि जरा उग्र होतं, ते फक्त विरजण म्हणून वापरा: पुढच्या घाण्याला त्यातला एक मोठा चमचा लावा. दुसरं आणि तिसरं दही खाण्याजोगं होतं. गुलाबी किंवा नारिंगी छटा, केसाळ बुरशी किंवा कुबट वास आला तर ते सगळं फेकून देऊन नव्याने सुरुवात करा.

गाईच्या दह्यासारखं कापता येईल असं ते कधीच लागत नाही, कारण ती वीण केसीनची असते. पाणी सुटतं. त्यामुळे कढीत ते बेसनाबरोबर छान चालतं, ताकही ठीक होतं, पण श्रीखंडासाठी त्यावर विसंबू नका. ताकाच्या जागी जेवणानंतर सोलकढी हा अधिक समाधान देणारा पर्याय: एका नारळाचं खोबरं दोन वाट्या कोमट पाण्यात वाटून पिळायचं, ८ ते १० आमसुलांचं अर्धी वाटी पाण्यात काढलेलं आगळ, लसूण, मिरची, मीठ. गरम केली की फाटते. आणि चवीला कितीही उत्तम असली, तरी कॅल्शियम आणि प्रथिन यांच्या हिशेबात ती धरायची नाही.

तूप

‘तुपात दूध कुठे असतं’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. कढवताना प्रथिनाचा बराचसा भाग बेरी होऊन तळाशी बसतो, पण सगळा नाही. किती उरतं ते कढवण्यावर आणि गाळण्यावर अवलंबून, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जीच्या मुलाला तूप निषिद्धच धरायचं. वरण-भातावर दोन गोष्टी हव्या असतात, स्निग्धता आणि वास. चमचाभर तेलात जिरं, हिंग आणि ठेचलेली लसूण तांबूस करून वर ओतली की दोन्ही मिळतात. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा आणि तिळाच्या तेलात प्रथिनाचा अंश राहतो. इथे चालतं, पण शेंगदाण्याची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असलेला पाहुणा जेवायला आला तर सांगायला हवं.

लाडवांना खोबरेल तेल बरं. ते साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे डिसेंबरात लाडू दगड होतो आणि मे महिन्यात बसतच नाही. दोन वाट्या बेसनाला अर्धी वाटी तेल घेऊन मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा, पूर्ण निवल्यावर एक वाटी पिठीसाखर मिसळा. वळत नसेल तरच चमचाभर तेल वाढवा. उन्हाळ्यात लाडू फ्रीजमध्ये. मूल रोज खाईल असे नाचणी-तीळ-गुळाचे लाडू यांपेक्षा अधिक उपयोगाचे.

वाढदिवसाचा केक

१८० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम कोको, ५ ग्रॅम खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घ्या. २४० मिलिलिटर पाणी, ७५ मिलिलिटर तेल, १५ मिलिलिटर व्हिनेगर एकत्र करून त्यात घाला, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, आणि लगेच १८० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ३५ मिनिटं. इथे अंड्याचं काम सोडा आणि व्हिनेगरचा वायू करतो. तो मिश्रण ओलं झाल्या क्षणापासून सुटायला लागतो, म्हणून ओव्हन आधी तापलेला हवा. दहा मिनिटं मिश्रण पडून राहिलं की केक बसतो. जास्त घोटलं तर रबरासारखा होतो. कुकरमध्ये करायचा तर शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, आधी दहा मिनिटं तापवून, मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. कोको पावडर ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ नाही ना, हे लेबलवर पाहा.

पोषणाचा हिशेब

दूध बंद झालं की पहिला विचार कॅल्शियमचा येतो, तो बरोबर आहे. भारतीय आहार संदर्भांनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाच वर्षांच्या मुलाचा एक दिवस मांडून पाहू. कॅल्शियम घातलेलं सोया दूध एक पेला, २०० मिलिलिटर: सुमारे २४० मिलिग्रॅम, पण पाकिटावरचा आकडा पाहून. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी किंवा आंबील: सुमारे ११०. मूठभर, २० ग्रॅम शेवग्याचा पाला वरणात: सुमारे ६०. चमचाभर, ५ ग्रॅम तीळ: कागदावर ६०. एक वाटी राजमा, हरभरा किंवा कुळथाची उसळ: ४० ते ८०. बेरीज होते ५१० ते ५५०, आणि यातला जवळपास अर्धा वाटा एकट्या सोया दुधाचा आहे. मूल तो पेला पीत नसेल तर बाकीच्या पदार्थांनी भरपाई होत नाही. मग डॉक्टरांकडून कॅल्शियमचं औषध घ्या. तिळात आणि पालक-राजगिऱ्याच्या पाल्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून त्यांचे मोठे आकडे पाहून निर्धास्त होऊ नका. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट लिहिलेला निवडा. लिंबाने फाडलेल्या घरच्या टोफूत ते नसतं.

बी-१२ बाबत तडजोड नाही. वनस्पतींत ते भरवशाने मिळत नाही. इडली-डोशाच्या आंबवण्याने मिळत नाही, आणि स्पिरुलिनातलं बी-१२ शरीराला बहुतांशी कामाचं नसतं. मुलाला पूरक औषध हवंच, आणि दूध-अंडं सोडलेल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांनाही हवं. हे घरात सर्वांत जास्त विसरलं जातं: मुलाचं औषध चालू असतं आणि दोन-तीन वर्षांनी आईच्या हातापायाला मुंग्या येतात.

प्रथिन ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे १६ ग्रॅम लागतं. सोया दुधाचा पेला ६, ३० ग्रॅम डाळ ७, पोळी-भाताचं ५-६, इतकं पुरतं. अडचण असते ती उष्मांकांची. पालेभाजी, कडधान्य, भाकरी यांनी छोटं पोट लवकर भरतं आणि ऊर्जा कमी पडते. म्हणून मुलाच्या भाजीत तेल कमी करू नका, वरणात चमचाभर तेल, भाजीत दाण्याचं कूट, पोह्यावर खोबरं घाला. तेल घेताना ‘+एफ’ चिन्ह पाहा. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. दूध हा आयोडीनचा मोठा स्रोत होता, त्यात सैंधव मीठ सुरू केलं तर दोन्ही बाजू बंद होतात. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको. जवसाची चटणी ओमेगा-३ साठी.

वजन आणि उंची दर तीन महिन्यांनी मोजून डॉक्टरांच्या तक्त्यावर मांडा. वाढीची रेघ खाली वळली, तर ‘सडपातळ आहे’ म्हणून सोडू नका.

धाकटं भावंड आणि आजी

घरात दुसरं बाळ येणार असेल तर पूर्ण व्हीगन घराचा फेरविचार करावा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अंड्याबाबतही पुरावे त्याच दिशेचे आहेत. म्हणजे मोठ्यासाठी अंडं हद्दपार केलेल्या घरात धाकट्याला अंड्याची ओळखच उशिरा होते, आणि हे त्याच्या हिताचं नसतं. धाकट्याला अंडं-दूध कधी, कसं, कुठे द्यायचं हे बालरोगतज्ज्ञांशी आधी ठरवा. मावशीकडे किंवा मोठा शाळेत असताना, खाल्ल्यावर तोंड-हात साबणाने धुऊन, असा मार्ग निघतो.

आजी-आजोबांना ‘बंद’ एवढंच सांगितलं तर ते राहत नाही. त्यांनी आयुष्यभर तूप घालूनच मुलं वाढवली आहेत, एक चमचा म्हणजे माया आहे. त्यांना डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्या. आणि मायेचं काम त्यांच्याकडेच द्या: तीळ-नाचणीचा लाडू आजीच्या हातचा, रोज संध्याकाळी.

शाळा, पंगत, प्रसाद

सत्यनारायणाच्या शिऱ्यात तूप-दूध आहेच, पंचामृतात दूध-दही-तूप तिन्ही. प्रसाद परत करणं जड जातं, म्हणून मुलाला ‘हातात घे, आईकडे दे’ ही सवय लावा आणि त्याच्यासाठी खडीसाखर-खोबरं खिशात ठेवा. हॉटेलात ‘दूध आहे का’ विचारलं की नाही म्हणतात. ‘तूप, लोणी, दही, मिल्क पावडर, पनीर यातलं काही?’ असं एकेक नाव घेऊन विचारा. डोसा लोण्याच्या तव्यावर जातो, नानच्या पिठात दही किंवा दूध असतं, पावाला वरून लोणी किंवा अंड्याचा हात लागलेला असू शकतो. वडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत पनीर पकोडा तळला असेल तर तो याच्यासाठी नाही.

शाळेला एका पानाची सूचना द्या: मुलाचा फोटो, काय चालत नाही, कोणती लक्षणं, काय करायचं, दोन फोन नंबर. शिक्षकांकडे बिनदुधाच्या खाऊचा डबा ठेवा, दुसऱ्याच्या वाढदिवसाला तो उपयोगी पडतो.

तीव्र झटका आला तर

गांधी उठण्याबरोबर धाप, आवाज बसणं, सतत उलट्या, अंग ढिलं पडणं यांतलं काही दिसलं, किंवा अ‍ॅलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर फक्त धाप लागली किंवा मूल गळून गेलं, तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनच. खाज कमी करणाऱ्या गोळ्या-सिरप त्याची जागा घेत नाहीत आणि त्यांची वाट पाहण्यात वेळ जातो. भारतात आपोआप टोचणारं पेन सहज मिळत नाही, त्यामुळे अनेक डॉक्टर एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेली अँप्यूल आणि इन्सुलिनची नव्हे, तर स्नायूपर्यंत पोचणारी सुई लिहून देतात. प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, वजन वाढेल तसा बदलून घ्या, आणि भरण्याचा सराव त्यांच्यासमोर करा. औषध उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. रंग गुलाबी-तपकिरी झाला किंवा तारीख उलटली की बदला.

टोचल्यावर मुलाला आडवं झोपवून पाय वर, धाप असेल तर बसवून, पण उभं करायचं किंवा चालवायचं नाही. १०८ ला फोन. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

पुन्हा चाचणी

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. म्हणून दर ६ ते १२ महिन्यांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे तपासणी, आणि त्यांनी ठरवलं तर रुग्णालयात देखरेखीखाली खाऊन पाहण्याची चाचणी. घरी ‘आता मोठा झालाय, बघू’ म्हणून बोटावर साय चाटवू नका. चाचणीच्या दिवशी मूल सर्दी-खोकल्याशिवाय असावं, दमा आटोक्यात असावा, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे आधी विचारून घ्यावं. चाचणीत मूल पास झालं, तर तो पदार्थ डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात नियमित जेवणात ठेवायचा असतो. मग घराने व्हीगन राहायचं की नाही हा निर्णय नव्याने, सगळ्यांनी बसून घ्यायचा; घर व्हीगन राहिलं तरी मुलाचा तो वाटा बंद होता कामा नये.